शिसे टाकून मिळवलेला वेग

कॅटॅमरान हा शब्द ऐकला की इथल्या माझ्या सहकाऱ्यांना हमखास मांजर आठवते. शब्द मूळचा भारतातला आहे असे सांगितले तर त्यांना ते खरे वाटत नाही. तमिळमध्ये ‘कट्टु’ म्हणजे बांधणे आणि ‘मरम्’ म्हणजे लाकूड. कोरोमंडल किनाऱ्यावरचे कोळी ओंडके दोरांनी एकमेकांना बांधून, त्या तराफ्यावर बसून, फुटणाऱ्या लाटा ओलांडून मासेमारीला जात. विल्यम डॅम्पियर या इंग्रज दर्यावर्दीने सतराव्या शतकाच्या अखेरीस त्याचे वर्णन छापले आणि शब्द इंग्रजीत जाऊन बसला. पुढे इंग्रजांनी तो भलत्याच बोटीला चिकटवला. दोन लांब, अरुंद होड्या शेजारी शेजारी ठेवायच्या, आडव्या तुळयांनी त्या जोडायच्या आणि मध्ये शीड उभारायचे, ही कल्पना पॅसिफिक महासागरातल्या पॉलिनेशियन लोकांची. तिचा आपल्या कट्टुमरमशी नावापुरताच संबंध. त्या मानाने आमच्या मालवणकडच्या होडीला एका बाजूला दोन दांड्यांवर जो ओंडका बांधतात, ती उलांडी, तिची जवळची नातेवाईक म्हणायला हरकत नाही. होडी आडवी होऊ नये म्हणून तिचा पसारा रुंद करायचा, हे दोन्हींमागचे एकच डोके.

हे सगळे निघाले ते आमच्या मंडळातल्या एका वहिनींमुळे. त्यांचा मुलगा शाळेच्या शिडाच्या बोटींच्या चमूत दाखल झाला आहे. शेजारच्या कुणीतरी त्यांना २०१३ साली आपल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत झालेल्या अपघाताविषयी सांगितले आणि त्यांचा जीव टांगणीला लागला. ‘‘भाऊजी, दोन-दोन होड्या जोडलेली एवढी रुंद बोट उलटतेच कशी?’’ हा त्यांचा प्रश्न. मुलगा ज्या लहानशा बोटीत शिकतो तिचा आणि त्या राक्षसी बोटीचा काही संबंध नाही, हे मी त्यांना तिथल्या तिथे सांगितले. पण प्रश्न अगदी मुळावर बोट ठेवणारा होता. त्याचे नीट उत्तर द्यायचे तर थोडे मागे जावे लागते.

आधी थोडे यंत्रशास्त्र. (जन्मभर मेकॅनिकल इंजिनिअर म्हणून पोट भरले, त्यामुळे एवढी सूट वाचक देतीलच.) साध्या, एका तळाच्या शर्यतीच्या बोटीला खाली कणा असतो आणि त्यात शिसे भरलेले असते. बोटीच्या एकूण वजनाचा तिसरा हिस्सा, कधी त्याहूनही अधिक, असा नुसता खाली लटकत असतो. तंजावरची डोलणारी बाहुली आठवा. कितीही झुकवा, ती परत उभी राहते. बोट जितकी झुकेल तितके ते शिसे तिला जास्त जोराने खेचते. २०१८ मध्ये गोल्डन ग्लोब शर्यतीत आपले कमांडर अभिलाष टॉमी दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात सापडले. गोव्यात बांधलेली त्यांची ‘थुरिया’ पूर्ण गडगडली, डोलकाठ्या मोडल्या, त्यांची पाठ जबर दुखावली. पण बोट पुन्हा सरळ झाली आणि सुटका होईपर्यंत ते तिच्यातच पडून राहू शकले. त्या कण्यातल्या वजनाचे मोल तिथे कळते.

कॅटॅमरान ही बाहुली नव्हे, तो चौरंग आहे. जमिनीवर ठेवलेला चौरंग बाहुलीपेक्षा कितीतरी पक्का. वारा वाढला तरी कॅटॅमरान फारशी झुकतच नाही, कारण तिचे बळ वजनात नसून रुंदीत असते. वाऱ्याकडची होडी पाण्यातून नुकती उचलली गेली की ते बळ परमावधीला पोचते. पण त्यापुढे प्रत्येक अंशागणिक ते कमी होत जाते. चौरंग एका कडेवर उभा केला, की पुढे त्याला पाडायला बोट पुरते. आणि पूर्ण पालथी पडलेली मोठी कॅटॅमरान आपण होऊन कधीच सरळ होत नाही. खरे सांगायचे तर पालथे पडणे ही तिची सर्वांत स्थिर अवस्था! शिसे नाही म्हणून ती हलकी, हलकी म्हणून वेगवान, आणि शिसे नाही म्हणूनच तिच्याकडे दुसरी संधी नाही. वहिनींच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच संपते.

हा सौदा युरोपियन लोकांच्या लक्षात फार लवकर आला होता. सर विल्यम पेटी हा रॉयल सोसायटीचा एक संस्थापक. त्याने १६६० नंतर डब्लिनमध्ये दोन तळांच्या बोटी बांधायला घेतल्या. त्यांतल्या एकीने डब्लिन ते होलिहेड आणि परत या फेरीत नेहमीच्या टपाल-बोटीला मागे टाकले. लोक हसत होते ते थांबले. मग त्याने ‘एक्सपेरिमेंट’ नावाची मोठी बोट बांधली आणि ती १६६५ मध्ये वादळात खलाशांसकट बुडाली. पेटीची कल्पना पुढे दीर्घकाळ मागे पडली.

ती उचलली ऱ्होड आयलंडमधल्या ब्रिस्टल गावच्या नॅथॅनिएल हेरेशॉफने. १८७६ साली अमेरिकेच्या शताब्दीनिमित्त न्यूयॉर्कला मोठ्या शर्यती झाल्या. तिथे हा अठ्ठावीस वर्षांचा तरुण ‘अमॅरिलिस’ नावाची, दोन तळ सांध्यांनी जोडलेली बोट घेऊन आला आणि भल्याभल्यांना धूळ चारून गेला. धूळ म्हणण्यापेक्षा फेस म्हणू या. प्रतिस्पर्ध्यांनी तक्रार केली, आणि ही बोटच नव्हे असे ठरवून तिला शर्यतींची दारे बंद झाली. पुढच्याच वर्षी हेरेशॉफला तिचे पेटंट मिळाले, पण जिला शर्यतीत घेत नाहीत ती बोट विकत कोण घेणार? मग तो शहाण्यासारखा शिशाच्या कण्याच्या बोटींकडे वळला आणि १८९३ ते १९२० या काळात अमेरिका कप राखणाऱ्या पाच बोटी त्यानेच बांधल्या. ज्या मंडळींनी त्याच्या कॅटॅमरानला दार दाखवले, त्यांचीच अब्रू त्याने पुढे पाव शतक सांभाळली. मला या माणसाचे फार कौतुक वाटते.

अमेरिका कप ही १८५१ पासूनची स्पर्धा. आपल्या लोकांना फारशी ठाऊक नसते, पण शिडाच्या जगात तिला रणजी आणि विश्वचषक यांच्या बेरजेइतका मान आहे. तिच्यात कॅटॅमरान शिरली ती भांडणातून. १९८८ मध्ये न्यूझीलंडच्या मायकेल फे यांनी प्रचंड मोठ्या बोटीने आव्हान दिले. सॅन डिएगोच्या डेनिस कॉनरने नियमांतली फट शोधून उत्तरादाखल साठ फुटी कॅटॅमरान उतरवली. शर्यत कसली, ससा-कासवच, आणि या वेळी ससा झोपला नाही. अमेरिकन २-० ने जिंकले. मग दोन वर्षे न्यूयॉर्कच्या न्यायालयांत वाद चालला आणि शेवटी १९९० मध्ये निकाल अमेरिकेच्या बाजूने लागला. खुल्या समुद्रात मात्र कॅटॅमरानला वकील लागला नाही. १९९३ साली फ्रान्सच्या ब्रुनो पेरोनने ‘कमोडोर एक्सप्लोरर’ या कॅटॅमरानमधून ८० दिवसांच्या आत पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि २००५ मध्ये त्यानेच ‘ऑरेंज-२’ मधून ती ५० दिवसांवर आणली.

आता आपल्या खाडीकडे. २०१० मध्ये लॅरी एलिसन यांच्या ओरॅकल संघाने व्हॅलेन्सियाला कप जिंकला आणि पुढची स्पर्धा सॅन फ्रान्सिस्कोला आणली. बोट ठरली एसी-७२. पाण्याच्या रेषेवर ७२ फूट लांब, जवळपास १४ मीटर रुंद, आणि कापडी शिडाच्या जागी विमानाच्या पंखासारखा ४० मीटर उंचीचा कडक पंख. हे सगळे मिळून वजन सुमारे सहा टन. तेरा मजली इमारतीइतका उंच पंख दोन पोकळ कार्बनच्या नळकांड्यांवर उभा, असे चित्र डोळ्यांसमोर आणा. पंख गुंडाळून ठेवता येत नाही, हे तर आणखीच. वारा वाढला की साधा नाखवा शीड कमी करतो. इथे तो मार्गच नाही.

मूळ कल्पना टेलिव्हिजनची होती. शिडाच्या शर्यती म्हणजे रंग वाळताना बघणे, अशी जी थट्टा होते ती बंद करायची. किनाऱ्यावरून दिसतील अशा, थोड्या वेळात संपणाऱ्या, वेगवान शर्यती. आणि त्यासाठी या खाडीइतकी खात्रीची जागा दुसरी नाही. इथे राहणाऱ्यांना सांगायला नको, जुलैत पाहुणे आले की आपण त्यांना स्वेटर घ्यायला लावतो. सेंट्रल व्हॅली तापते, तिथली हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची थंड हवा गोल्डन गेटच्या अरुंद दारातून आत घुसते. उन्हाळ्यात दुपारनंतर २० ते २५ नॉट, म्हणजे ताशी ३७ ते ४६ किलोमीटर वारा, रोजचाच. त्यात ओहोटी लागली की पाणी वाऱ्याच्या तोंडावर बाहेर धावते आणि उभ्या, आखूड लाटा उठतात.

यातच न्यूझीलंडच्या संघाने एक करामत केली. नियम करणाऱ्यांना या बोटी पाण्यावर उडाव्यात असे वाटत नव्हते. तशा अटीही घातल्या होत्या. न्यूझीलंडने २०१२ मध्ये अटी न मोडता तळाखालच्या पात्यांना असा इंग्रजी ‘एल’ सारखा आकार दिला, की वेग वाढताच पाती पाण्यात पंखासारखे काम करू लागली आणि सहा टनांची बोट सरळ पाण्याबाहेर उचलली गेली. पाती नवी नव्हती. टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलने १९१९ मध्येच अशी पाती लावलेली इंजिनाची बोट ताशी ११४ किलोमीटरने पळवली होती. पाणी हवेच्या आठशे पट दाट. तळ पाण्यातून निघाला की ओढ एकदम घटते. एसी-७२ चा वेग ४४ नॉटच्याही पुढे, म्हणजे ताशी ८० किलोमीटरच्या वर गेला, तोही २० नॉटच्या आसपासच्या वाऱ्यात. वाऱ्याच्या दुपटीने वेग कसा, असे अनेक जण विचारतात. मागून वारा ढकलतो हे आपले जुने चित्र इथे चालत नाही. बोट वाऱ्याला तिरकी पळते, पळण्यामुळे स्वतःसाठी समोरून वारा तयार करते आणि पंख त्या नव्या वाऱ्यावर चालतो. सायकल जोरात मारली की बिनवाऱ्याच्या दिवशीही तोंडावर वारा लागतो, तोच हा.

पण एक वळण मोठे जोखमीचे. वाऱ्याच्या रोखाने वर चढत असलेली बोट फिरवून वारा मागे घ्यायचा असतो. अध्येमध्ये असा एक टप्पा येतो की पंखाचा सगळा जोर बोटीला पुढे आणि खाली दाबतो. वाऱ्याआडच्या होडीची नाळ पाण्यात घुसली की पाणी तिला धरून ठेवते आणि मागचा भाग डोक्यावरून पुढे येतो. पुढचा ब्रेक करकचून दाबल्यावर सायकलस्वार हँडलवरून जातो ना, तसे. वळणाऐवजी सरळ जावे तर वेग आणि जोर वाढतच राहणार, कारण शीड उतरवता येत नाही. म्हणजे त्या टप्प्यातून जावे तर लागतेच.

१६ ऑक्टोबर २०१२ ला ओरॅकलची पहिली एसी-७२ नेमक्या याच वळणावर पालथी झाली. ओहोटीने तिला गोल्डन गेटखालून बाहेर समुद्रात नेले, पंखाचे तुकडे झाले. माणसे सगळी वाचली, आणि बातम्यांचा सूर ‘केवढे नुकसान’ असाच राहिला.

९ मे २०१३ ला ट्रेझर आयलंडजवळ सराव करताना आर्टेमिस या स्वीडिश संघाची बोट त्याच प्रकारच्या वळणावर मोडून पालथी पडली. ती आधी मोडली की उलटताना मोडली, याविषयी दोन मते मांडली गेली. अँड्र्यू सिम्पसन हा ३६ वर्षांचा इंग्रज खलाशी अवशेषांखाली सुमारे दहा मिनिटे अडकून पडला. बाहेर काढून बराच वेळ प्रयत्न केले, उपयोग झाला नाही. हा काही नवशिका नव्हता. २००८ च्या ऑलिंपिकमध्ये इयन पर्सीबरोबर त्याने सुवर्णपदक जिंकले होते, २०१२ मध्ये रौप्य. पर्सी त्याचा लहानपणापासूनचा मित्र आणि आर्टेमिसचा एक प्रमुख. मागे पत्नी आणि दोन लहान मुलगे.

दोन आठवड्यांच्या आत शर्यतींचे संचालक इयन मरे यांनी ३७ शिफारशी दिल्या. खलाशांच्या अंगावर संरक्षक कवच, हात न लावता वापरता येईल असे श्वासाचे साधन, पाण्यात माणूस शोधण्याचे यंत्र, आणि वाऱ्याची मर्यादा. अंतिम स्पर्धेसाठी ही मर्यादा आधी ३३ नॉट होती, ती २३ वर आली. जुलैत तर फक्त २०.

मला इथे थोडे थांबावेसे वाटते. ३३ हा आकडा कागदावर लिहिला तेव्हा खाडीतला वारा हाच होता, ओहोटीही हीच. ऑक्टोबरमध्ये एक बोट त्याच वळणावर गेली होती. तरी आकडा हलला नाही, तो माणूस गेल्यावर हलला. त्याच वेळी हेही कबूल केले पाहिजे की ९ मे रोजी वारा २० नॉटच्या वर नव्हता. म्हणजे २३ ची मर्यादा आधी असती तरी आर्टेमिसची बोट त्या दिवशी पाण्यात उतरली असतीच. नुसत्या वाऱ्याच्या मर्यादेने प्रश्न सुटत नाही, तो बोटीच्या घडणीत आहे. तीन देशांच्या संघांनी आव्हान दिले होते, प्रत्येकाचा खर्च अफाट आणि अनुभव कोणाकडेच नाही, कारण अशी बोट जगात पूर्वी नव्हतीच. चाळीस फुटांच्या बोटीवर चूक झाली तर खलाशी पाण्यात पडतो. इथे तो दहा मीटरवरून कार्बनच्या फुटलेल्या पत्र्यांत पडतो. धोका माहीत असून ते गेले, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. गेले हे खरे. पण बोटीचा आकार त्यांनी ठरवला नव्हता, आणि धंदा म्हणून बोटी चालवणाऱ्याला ‘ही नको, दुसरी द्या’ म्हणण्याची सोय किती असते, हे नोकरी केलेल्या कोणालाही कळेल.

१४ सप्टेंबरच्या शनिवारी आम्ही चार कुटुंबे चहाचे थर्मास आणि चिवड्याचे डबे घेऊन मरीना ग्रीनवर गेलो होतो. त्या दिवशीच्या पहिल्या शर्यतीत न्यूझीलंडची बोट वळताना एका अंगावर चढली. वरची होडी उंच हवेत, पंख पाण्याकडे कललेला, आणि काही क्षण ती तशीच थबकली. पडणार, म्हणून सगळे हिरवळीवर उभे राहिले. मग ती धप्पकन परत सरळ झाली. चौरंग कडेवर उभा राहून परत बसणे म्हणजे काय, ते मी एकदाच पाहिले आहे. दुसरी शर्यत वाऱ्याने मर्यादा ओलांडल्यामुळे रद्द झाली आणि आजूबाजूचे लोक कुरकुरू लागले. एवढ्या वाऱ्याला काय होते, इतक्या लांबून आलो, वगैरे. आमच्यातलाही एक जण त्यांत होता. चार महिन्यांपूर्वी, त्याच पाण्यावर, इथून दिसणाऱ्या बेटापाशी काय झाले ते त्याला ठाऊक नव्हते असे नाही. शेवटी ती स्पर्धा ओरॅकलने १-८ अशा पिछाडीवरून ९-८ अशी जिंकली, आणि इतिहासात तीच गोष्ट जास्त सांगितली जाते. तीही विलक्षणच होती, नाही म्हणत नाही.

त्यानंतर बोटी लहान झाल्या, वेग मात्र वाढला. २०१७ मध्ये बर्म्युडाला ५० फुटी कॅटॅमरान होत्या. तिथे न्यूझीलंडची बोट नाळेवर उभी राहून पालथी झाली, काही खलाशी पाण्यात फेकले गेले, तरी तोच संघ कप जिंकून घरी गेला. पात्यांनी नवा धोकाही आणला. पाण्याखाली धारदार सुरी घेऊन धावणारी बोट म्हणजे पडलेल्या खलाशाला आपल्याच बोटीची भीती. २०१५ मध्ये फ्रान्सचा फ्रांक कामा सरावात बोटीवरून पडला, त्याच्या पायावर सुकाणूचे पाते आले आणि पाय थोडक्यात वाचला. त्या ५० फुटी बोटींचे सुधारलेले रूप म्हणजे ‘सेलजीपी’ च्या एफ-५०. २०१९ मध्ये इंग्लंडला काउज येथे त्यांनी शर्यतीत ५० नॉट ओलांडले आणि २०२५ मध्ये जर्मनीत सास्निट्झला डेन्मार्कच्या बोटीने ताशी १०० किलोमीटरचा आकडा मागे टाकला. या शर्यतींत वाऱ्याप्रमाणे पंखाची उंची बदलतात. जोराचा वारा असला तर आखूड पंख लावतात. ‘शीड कमी करणे’ ही नाखव्याची जुनी अक्कल इतका फेरा घेऊन परत आली.

अमेरिका कपने तर २०२१ च्या स्पर्धेपासून कॅटॅमरानच सोडली. नव्या एसी-७५ ला एकच तळ आहे. तीही पात्यांवर उडते, वेगही तसाच. पण नियमांत एक अट घातली, की पालथी पडली तर ती आपण होऊन सरळ झाली पाहिजे. त्यासाठी दोन्ही बाजूंच्या पात्यांमध्ये जड वजन भरले. १८७६ मध्ये हेरेशॉफने टाकून दिलेले वजन शेवटी असे पात्यांत जाऊन बसले. १७ जानेवारी २०२१ ला ऑकलंडमध्ये अमेरिकेची ‘पेट्रियट’ वळताना पाण्यातून उडाली आणि आडवी पडली. तिच्या तळाला भोक पडले, पाणी भरू लागले, मदतीच्या बोटींनी आणि इतर संघांच्या लोकांनी कित्येक तास खपून तिला बुडू दिले नाही. एक खलाशी शिडाखाली अडकला होता, तो निसटून बाहेर आला. बोट दुरुस्त होईपर्यंत त्या संघाच्या शर्यती थांबल्या. तिच्यावरचे अकराही जण त्या संध्याकाळी किनाऱ्यावर परतले होते.